सह्याद्रीत सायकलवर सहा दिवस: मांढरदेवी, पसरणी, आंबेनळी आणि वरंधा

घाटातल्या सायकल सहलीचा हिशोब किलोमीटरवर केला की तो पहिल्याच दिवशी चुकतो. सपाटीवर रोज शंभर किलोमीटर मारणारा माणूस सामानासकट पसरणी घाटात अर्ध्यावर उतरतो, कारण त्याने अंतर मोजलेलं असतं, चढ मोजलेला नसतो. इथे आधी चढ मोजायचा, मग उजेडाचे तास आणि सगळ्यात शेवटी किलोमीटर.

हिशोबाची सोपी रीत अशी: सपाटीसाठी ताशी १५ किमी धरा आणि दर ३०० मीटर चढाला एक तास जादा धरा. वाई ते महाबळेश्वर अंतर सुमारे ३२ किमी आहे आणि चढ साधारण ६५० मीटर. अंतराचे दोन तास, चढाचे सव्वादोन तास, त्यात चहा-नाश्ता आणि विश्रांतीचा दीड तास. म्हणजे नकाशावर किरकोळ दिसणारे ३२ किमी पावणेसहा तास खातात. डिसेंबरात साधारण सातला उजाडतं आणि सहाला मावळतं. दुपारी चारपर्यंत मुक्काम गाठायचा असेल तर दिवसाला नऊ तास हातात राहतात. या नऊ तासांत न बसणारा टप्पा आखू नका. पंक्चर काय आणि वाट चुकणं काय, त्याचा वेळही यातूनच जायचा असतो.

हे मार्गदर्शन पुण्याहून सुरू होऊन पुण्यातच संपणाऱ्या एका वर्तुळाचं आहे: पुणे, भोर, मांढरदेवी, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड, वरंधा घाट, भोर, पुणे. देशावरून निघून कोकणात उतरायचं आणि दुसऱ्या घाटाने परत वर चढायचं. सह्याद्रीचे दोन्ही अंग एकाच फेरीत पाहायला मिळतात आणि मोठ्या महामार्गावर फार थोडा वेळ जातो.

दिशा कोणती घ्यायची

वर्तुळ कुठूनही फिरलं तरी एकूण चढ तेवढाच, पण तो कसा वाटला जातो यात मोठा फरक आहे. आधी वरंध्याने कोकणात उतरलात, तर पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना जवळजवळ समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरपर्यंत एकाच रस्त्याने जावं लागतं. सामान लादून हा चढ एका दिवसात काढणं नवख्याचं काम नाही. वर दिलेल्या क्रमाने गेलात तर तोच चढ मांढरदेवी, पसरणी आणि वरंधा अशा तीन घाटांत, तीन वेगवेगळ्या दिवशी विभागला जातो. पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसरा विचार करू नये, हीच दिशा घ्यावी. मात्र मग आंबेनळीचा लांबलचक उतार वाट्याला येतो आणि त्यासाठी ब्रेक उत्तम हवेत. त्याबद्दल पुढे सविस्तर.

केव्हा जायचं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबरात रस्त्यावर झाडांच्या सावलीत शेवाळ असतं, परतीचा पाऊस कधीही गाठतो आणि पावसाळ्यात खचलेल्या कडांची डागडुजी चालू असते. मार्चपासून महाड-पोलादपूरकडे सकाळी दहानंतर उन्हात चढणं धोक्याचं. पावसाळ्यात हा मार्ग घेऊ नका. वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात वाहतुकीला वारंवार बंद केला जातो आणि जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता कित्येक ठिकाणी वाहून गेला होता.

हिवाळ्यातही दुरुस्तीच्या कामासाठी घाट बंद ठेवल्याचे आदेश निघतात. निघण्याआधी भोर आणि महाडच्या एसटी आगारात विचारा. घाटातून रोज जाणाऱ्या चालक-वाहकांना रस्त्याची ताजी स्थिती जेवढी माहीत असते तेवढी कुठल्याच नकाशाला नसते.

वारही बघून निघा. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते आणि लॉजचे दर चढतात. रविवारी पुण्याहून निघालात की महाबळेश्वर मंगळवारी येतं, आणि तेच हवं. पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीला काळूबाईची मोठी जत्रा असते; त्या दिवसांत तो घाट टाळा. नोव्हेंबरपासून भोर आणि वाईच्या भागात ऊसतोडणी सुरू होते. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर वळणावर मागची ट्रॉली आत घेतो आणि बऱ्याचदा मागे दिवा नसतो. त्याच्या डाव्या बाजूने कधीही पुढे जाऊ नका.

सायकल: सगळ्यात आधी खालचा गिअर

महागडी सायकल लागत नाही. हायब्रिड, एमटीबी किंवा जुनी स्टीलची टूरिंग, कुठलीही चालेल. पाहायचं ते एवढंच, की सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दाते भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते हे गुणोत्तर ०.८५ किंवा त्याहून कमी असावं. पुढे २८ आणि मागे ३४ असेल तर ते ०.८२ येतं. या गिअरवर मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवलं तर वेग ताशी सव्वासहा किमी पडतो. रोडबाइकवरच्या ३४ आणि २८ च्या जोडीत तेवढ्याच फेऱ्यांना ताशी सव्वानऊ किमी जावं लागतं. म्हणजे त्याच चढावर जवळजवळ दीडपट ताकद. मग फेऱ्या चाळिसावर येतात, सगळा भार गुडघ्यावर जातो आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याची वाटी दुखायला लागते. हे दुखणं सरावाने जात नाही, गिअरने जातं. मागची कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) बदलून ३४ किंवा ३६ दात्यांची बसते का, ते मिस्त्रीकडून बघून घ्या. मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) तेवढे मोठे दाते झेपतात का हे आधी तपासावं लागतं, नाहीतर मोठ्या चक्रावर चेन ताणून अडकते.

टायर ७०० गुणिले ३५ ते ४० मापाचे. फार गुळगुळीत नकोत, मधे सलग पट्टी असलेले घ्या. ७० किलोच्या माणसाला दहा किलो सामानासह मागे ५५ ते ६० आणि पुढे ४५ ते ५० पीएसआय हवा पुरते. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर उत्तम. कुठल्याही टायरवाल्याकडे किंवा पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर दोन घ्या, कारण एक हमखास हरवतो. वाटेतल्या गावांत ७०० मापाची ट्यूब मिळणार नाही असंच धरून चाला.

सामान कॅरिअरवर, दोन बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत, म्हणजे पॅनिअरमध्ये. पाठीवर सॅक घेऊन घाट चढू नका. पाठ घामाने निथळते, वजन सीटवर येतं आणि उतारावर सॅक मानेवर सरकते. एकूण सामान ८ ते १० किलोंच्या वर जाऊ देऊ नका. तंबू नको, कारण या मार्गावर रोज छप्पर मिळतं. जड वस्तू पॅनिअरच्या तळाशी आणि पुढच्या अंगाला. कॅरिअरचे स्क्रू हलून सैल होतात. निघण्याआधी त्यांना लॉकटाइट (स्क्रू घट्ट धरणारा गोंद) लावा आणि रोज सकाळी पान्याने एकदा बघा. फ्रेमला कॅरिअरसाठी भोकं नसतील तर सीटच्या खांबाला अडकवायचं कॅरिअर घेऊ नका. दहा किलोंच्या भाराने ते घाटात झुलतं.

हत्यारं आणि सुटे भाग

गट तीन-चार जणांचा असेल तरी पहिल्या ओळीतल्या वस्तू प्रत्येकाकडे हव्यात:

- ट्यूब २, पॅच ८, सोल्युशनची न उघडलेली ट्यूब १, टायर काढायच्या पट्ट्या ३, पंप १
- मल्टिटूल: ४, ५, ६ मिमी ॲलन की, टी-२५ आणि चेन तोडायचं टूल
- चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) २ जोड्या, आपल्या चेनच्या स्पीडच्याच
- डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) १, नेमका आपल्या फ्रेमचा
- गिअरची वायर १, ब्रेकची वायर १, ब्रेक पॅडचा एक पूर्ण संच
- मागच्या चाकाच्या तारा ३ (दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असू शकते, मोजून घ्या), निपल, स्पोकचा पाना
- जुन्या टायरचा हातभर तुकडा, झिप टाय ८, इन्सुलेशन टेप, एम-५ स्क्रू ४, छोटी तेलाची बाटली

यातला हँगर बहुतेक जण विसरतात आणि या यादीतली सगळ्यात न मिळणारी वस्तू तीच आहे. सायकल उजव्या अंगावर पडली किंवा टेम्पोत दाबली गेली की हा ॲल्युमिनियमचा तुकडा वाकतो. मग सगळ्यात हलका गिअर टाकल्यावर डिरेलर तारांत जातो, तारा तुटतात, डिरेलर पिळवटतो आणि सहल तिथेच थांबते. म्हणून प्रत्येक घाटाच्या पायथ्याशी, चढ लागण्याआधी, एकदा सगळ्यात हलक्या गिअरवर जा आणि मागून पाहा: डिरेलरचा पिंजरा आणि तारा यांच्यात काही मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर डिरेलरवरचा एल लिहिलेला स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या.

सराव

सहा ते आठ आठवडे पुरतात. आठवड्यात दोनदा तासभर सपाटीवर, आणि शनिवार-रविवारी घाट. पुण्यातल्यांना बोपदेव, दिवे आणि जुना कात्रज जवळ आहेत. सिंहगडाचा रस्ता या सगळ्यांहून कठीण आहे. निघण्याआधी दोन आठवडे एक परीक्षा घ्या: शनिवारी सिंहगड आणि लगेच रविवारी बोपदेव, दोन्ही दिवस आठ किलो सामान लादून. रविवारी सकाळी सीटवर बसवत नसेल तर सीटची उंची, तिरपेपणा किंवा चड्डी यातलं काहीतरी चुकलेलं आहे. पॅड असलेली सायकलची चड्डी आतल्या कपड्याशिवाय घालायची आणि जांघेत खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावायचं. शिवण घासून झालेली जखम सहा दिवसांत भरत नाही, वाढतेच.

पहिला दिवस: पुणे ते भोर, सुमारे ५५ किमी

बायपासच्या नव्या बोगद्यातून जाऊ नका. जुन्या कात्रज घाटाने चढा. तिथेही वर छोटा बोगदा आहे, म्हणून पुढचा आणि मागचा दिवा आधीच लावून ठेवा. शिंदेवाडीपासून कापूरहोळपर्यंत सातारा रस्ता, म्हणजे जड वाहतूक. पहाटे साडेपाचला निघालात तर हा पट्टा आठच्या आत संपतो. जिथे सेवारस्ता आहे तिथे तोच धरा, फक्त उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकींवर लक्ष ठेवा. कापूरहोळला उजवीकडे वळलं की भोरपर्यंत निवांत रस्ता. ज्यांना महामार्ग नकोच आहे त्यांनी भोरपर्यंत पिकअप किंवा छोटा हत्ती करावा. यात काहीही कमीपणा नाही.

दुसरा दिवस: भोर, मांढरदेवी, वाई, सुमारे ४५ किमी

आंबाडे सोडलं की थोड्याच वेळात चढ सुरू होतो. अंतर कमी असलं तरी हा घाट हलका नाही; काही वळणं पसरणीपेक्षा तीव्र आहेत आणि झाडांची सावली फार थोडी. भोरहून सातला निघा, बाटल्या आंबाड्यात भरून घ्या. तीव्र वळणावर आतल्या बाजूने, म्हणजे वळणाच्या पोटातून चढू नका. तिथे चढ सगळ्यात खडा असतो. मागून गाडी नसेल तर आपल्या बाजूतच पण थोडं बाहेरून वळण घ्या. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम सावकाश जा. चढताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. धाप लागून शब्द तुटायला लागले की गिअर उतरवा, आणि उतरवायला गिअर उरला नसेल तर पाच मिनिटं थांबा. उतरून सायकल ढकलायलाही हरकत नाही. सात टक्क्यांच्या चढावर ढकलणारा आणि चालवणारा यांच्या वेगात फार फरक नसतो आणि ढकलताना पायांचे वेगळे स्नायू कामाला लागतात.

वाईच्या बाजूचा उतार खडा आहे. तो उद्यापरवाच्या आंबेनळीचा सराव समजा आणि ब्रेक कसे बोलतात ते इथेच ऐकून घ्या. वाईत सायकलचं दुकान मिळतं. काही शंका असेल तर याच संध्याकाळी मिटवा. पुढे महाडपर्यंत भरवशाचा मिस्त्री धरू नका.

तिसरा दिवस: वाई ते महाबळेश्वर

पसरणी घाटाचा चढ एकसारखा आहे, सुमारे पाच टक्के, पाचगणीपर्यंत अकरा-बारा किलोमीटर. लय धरून चढायला हा या फेरीतला सगळ्यात चांगला घाट. उन्हं वर येण्याआधी निघाल्यास निम्मा घाट सावलीत होतो. पाचगणीत भरपेट खा. पुढचे वीस किलोमीटर वरखाली आहेत, जीव घेणारे नाहीत. घामेजलेल्या कपड्यांनी टेबललँडवर बसून राहू नका. वारा लागतो आणि संध्याकाळी पोटऱ्या आखडतात. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरची पहाट दहा अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा कानटोपी आणि पूर्ण हातमोजे सामानात हवेतच.

चौथा दिवस: आंबेनळीचा उतार

महाबळेश्वर ते पोलादपूर सुमारे ४० किमी. वाडा कुंभरोशी आणि प्रतापगडाचा फाटा साधारण मध्यावर येतो. उतार दोन टप्प्यांत आहे: महाबळेश्वरहून कुंभरोशीपर्यंत एक, तिथे थोडं सपाट-वरखाली, आणि मग खाली कोकणापर्यंत दुसरा. प्रतापगड पाहायचा असेल तर सामान फाट्यावरच्या हॉटेलात सांगून ठेवा. वर जाणारा रस्ता खडा आहे.

आदल्या रात्री पॅड तपासा. डिस्क ब्रेकच्या पॅडवर दोन मिलिमीटरपेक्षा कमी थर असेल तर बदलूनच निघा. रिम ब्रेकच्या रबरातल्या खाचा पुसल्या असतील तर तेही बदला आणि रबरात रुतलेले खडे टोकाने काढा. ते रिम कापतात.

ब्रेक सतत दाबून ठेवणं हा उतारावरचा सगळ्यात मोठा दोष. दाबून ठेवलेला ब्रेक थंड व्हायला सवड मिळत नाही. डिस्कचे पॅड तापून गुळगुळीत होतात, मग कितीही दाबा, पकड येत नाही. रिम ब्रेक असेल तर रिम तापते, आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटू शकते. म्हणून वळणाआधी, सरळ रस्त्यावरच, दोन्ही ब्रेक तीन-चार सेकंद चांगले दाबून वेग खाली आणा, मग सोडा. वळणात फक्त वळा. वेग ताशी २५ च्या वर नेऊ नका. सामानासकट सायकल थांबायला लागणारं अंतर तुमच्या अंदाजापेक्षा जास्त असतं. दर तीन-चार किलोमीटरला पाच मिनिटं थांबा. तापलेल्या डिस्कला बोट लावू नका आणि तिच्यावर पाणी ओतू नका, ती वाकते. करपल्यासारखा वास आला तर दहा मिनिटं जास्त थांबा. वायरच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकायला लागला असेल, तर पॅड झिजलेत; लिव्हरजवळचा गोल ॲडजस्टर बाहेर फिरवून ताण घ्या, पॅड संपत आले असतील तर तिथेच बदला.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची. पायडल आडवी, सीटवरून किंचित उठलेले, वजन मागे. वळताना बाहेरच्या बाजूचं पायडल खाली. नजर पुढच्या चाकासमोर ठेवू नका, वळण जिथे संपतं तिथे ठेवा.

रस्त्यावर काय असतं ते माहीत असू द्या: वळणांच्या पोटात वाहून आलेली बारीक खडी, झाडांखाली दव आणि ओला पाला, चढणाऱ्या ट्रकांनी सांडलेलं तेल. नव्या काँक्रीटच्या कडेला साइडपट्टी वीतभर खाली असते. चाक तिथे घसरलं तर परत वर घेण्याचा प्रयत्न करू नका, ब्रेक लावून खालीच थांबा. एसटीला वळण घ्यायला अख्खा रस्ता लागतो. हॉर्न ऐकू आला की वळणाच्या आधीच, सरळ भागात डावीकडे थांबा. कडेपासून एक मीटर आत चाला. अगदी कडेला गेलात की मागची गाडी जागा नसतानाही शेजारून घुसते.

निघताना खूप थंडी असते आणि पायडल मारायचं नसतं, त्यामुळे अंग गरम होत नाही. विंडचीटर नसेल तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घाला, कुंभरोशीला काढून टाका. पोलादपूरला पोचेपर्यंत हवा पूर्ण बदललेली असते. तिथून महाडपर्यंत मुंबई-गोवा महामार्ग आहे, सुमारे अठरा-वीस किमी. दुपारच्या उन्हात तो कंटाळवाणा होतो, म्हणून पोलादपूरला जेवून तीननंतर निघालात तरी चालतं. महाडमध्ये लॉज भरपूर आहेत. चवदार तळं गावातच आहे, संध्याकाळी जरूर पाहा. २० मार्च आणि २५ डिसेंबरला मात्र १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मृतीसाठी देशभरातून माणसं येतात. त्या दिवशी मुक्काम हवा असेल तर खोली फार आधी ठरवा.

पाचवा दिवस: वरंधा

या फेरीतला सगळ्यात मोठा दिवस. महाड ते भोर सुमारे ८० किमी, आणि घाटाचा चढ सुमारे सहाशे मीटर. पहाटे साडेपाचला दिवे लावून निघा. बिरवाडीपर्यंत औद्योगिक वसाहतीची वाहनं, मग वरंध गावापर्यंत रस्ता सपाट. वरंधच्या आसपास नाश्ता करा आणि तीन लिटर पाणी भरा. माझेरीनंतर चढ सुरू होतो आणि वाघजाईच्या देवळापर्यंत पाण्याची खात्री नाही.

वाघजाईजवळ भज्यांच्या टपऱ्या आहेत आणि माकडंही. पॅनिअरची चेन लावल्याशिवाय सायकल सोडून जाऊ नका. पिशवीतला खाऊ माकडं सराईतपणे काढतात. इथे वेळेची एक रेघ आखून घ्या: अकराच्या आत वाघजाईला पोचलात तर भोर गाठता येईल. एक वाजला असेल तर भोरचा नाद सोडा. माथ्यावर आलं म्हणजे चढ संपला असं बऱ्याच जणांना वाटतं. पुढचा रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो, आणि प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरून पुन्हा चढतो. हे छोटे चढ मिळून आणखी काहीशे मीटर होतात आणि थकलेले पाय तिथेच दगा देतात. शिरगाव-हिर्डोशीच्या भागात घरगुती राहण्याची सोय होते. भोरमध्ये आदल्या मुक्कामात चौकशी करून फोन नंबर घेऊन ठेवा, कारण घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. नकाशाही आधीच उतरवून घ्या.

सहाव्या दिवशी भोरहून पुणे. कात्रजच्या बाजूने शहरात संध्याकाळी शिरू नका, दुपारी बाराच्या आत पोचा.

खाणं आणि पाणी

भूक लागल्यावर खायचं असं केलं की उशीर झालेला असतो. चढावर दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी थोडं खा: गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, केळं, खजूर. हातपाय गार पडून थरथर सुटली, डोकं हलकं झालं, तर लगेच थांबून गूळ किंवा साखर खा आणि वीस मिनिटं बसा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट-घोट. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही आणि पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएसची पाकिटं दिवसाला दोन धरा. संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सकाळी मिसळीचा कट पिऊन घाट चढू नका, जळजळ होते. पोहे, उपमा, इडली बरी. रात्री भात-आमटी, भाकरी, पिठलं पोटभर. छोट्या गावांतली हॉटेलं दुपारी तीननंतर बंद असतात, म्हणून जेवण दोनच्या आत.

वाटेत बिघडलं तर

पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. बाभळीचा काटा किंवा बारीक तार तिथेच असते आणि न काढता ट्यूब बदलली की दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते. जोडीने, साप चावल्यासारखी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका. हवा कमी असताना खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटलेली आहे, हवा वाढवा. टायर फाटला असेल तर जुन्या टायरचा तुकडा आतून लावा.

तार तुटते ती बहुतेक मागच्या चाकाची, चेनच्या बाजूची, कारण त्या तारांवर ताण सगळ्यात जास्त असतो. तुटलेली तार शेजारच्या तारेला टेपने बांधा. चाक आता डावीकडे झुकलेलं असेल. तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या डाव्या तारा अर्धा-अर्धा फेरा सैल करा, चाक ब्रेकला घासायचं थांबलं की पुरे. एका तारेवाचून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. तिथे रिमचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या. एका जागी दुसरी तारही तुटली तर सामान दुसऱ्याच्या सायकलवर द्या.

चेन तुटली तर मोडलेली कडी काढून क्विक लिंक लावा. चेन आता आखूड झालेली असेल, म्हणून पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र एकत्र वापरू नका.

रस्त्यात दुरुस्त होणार नाही असं काही झालं तर पिकअप शोधणं सोपं. टपावर कॅरिअर असलेली एसटी आता मिळेलच असं नाही. अपघातासाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक, रक्तगट आणि घरचा फोन नंबर कागदावर लिहून हँडलच्या पिशवीत ठेवा, मोबाइल फुटला तरी तो कागद वाचता येतो. घाटात कुत्री मागे लागली तर पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा आणि चालत जा.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी चेन रॉकेलने धुऊन गेजने मोजा, ०.७५ टक्के ताणली असेल तर बदला, नाहीतर ती कॅसेटही खाते. मागच्या चाकाच्या तारा दोन-दोन एकत्र दाबून बघा, सैल लागतील त्या ताणून घ्या. कॅरिअरचे वेल्ड आणि फ्रेमची स्क्रूची भोकं टॉर्च लावून पाहा. तडा असेल तर तो या दोन जागीच सापडतो.